विणलेल्या बुटात पेटंट नेमकं कशाचं असतं?

रविवारी सकाळी पळून आलेली मंडळी सोलापूरच्या पार्क चौकात चहाला थांबली की बोलणं हमखास पायांकडे वळतं. कुणाच्या पायात नायकीचा विणलेला फ्लायनिट, कुणाच्या पायात आदिदासचा अल्ट्राबूस्ट, तर कुणी नवी पेठेतून आणलेला, बिननावाचा पण अगदी तसाच दिसणारा बूट घालून आलेला. मग ठरलेला वाद सुरू होतो. "काय बे, सरळ ढापलंय की!" आदिदासनं नायकीचं ढापलं, की नायकीनं जुन्या स्वेटरवाल्यांचं, की नवी पेठेतल्या बुटानं दोघांचंही? या वादात मला मनापासून रस आहे. वरवर तो बुटांचा वाटतो, पण खरा वाद वीण आणि नक्षी यांचा आहे, आणि वीण-नक्षीवर तर आपलं निम्मं शहर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलंय.

"ढापलं" म्हणायच्या आधी काय ढापलं ते सांगावं लागतं. नाव ढापलं, रूप ढापलं की बनवण्याची रीत ढापली? या तिन्हींसाठी कायदे वेगळे, मुदती वेगळ्या आणि कसोट्याही वेगळ्या. चामड्याच्या बुटात हे तीन भाग डोळ्यांना सुटे दिसतात. विणलेल्या बुटात तसं होत नाही, कारण तिथं रूप आणि रीत एकाच टाक्यातून तयार होतात. एवढं नीट समजलं तर गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बुटांच्या मोठ्या खटल्यांचं कोडं बरंचसं सुटतं.

मागावरचं कापड आणि सुईवरचं कापड

सोलापूरच्या माणसाला कापड म्हटलं की माग आठवतो. भीमावरून, म्हणजे धागा गुंडाळलेल्या मोठ्या रुळावरून, येणारे उभे धागे म्हणजे ताणा, आणि त्यातून धोटा आडवा नेतो तो बाणा. दोन्ही धागे सरळ जातात आणि एकमेकांना काटकोनात धरून ठेवतात. चादरीवरची नक्षी कोणता उभा धागा कधी वर उचलायचा यावर ठरते, आणि ते काम मागावरचं जकार्ड नावाचं यंत्र करतं. पूर्वी भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते जकार्डला हुकूम द्यायचे, आता बऱ्याच ठिकाणी संगणकातली फाईल देते. आपल्या टर्किश टॉवेलवर धाग्याची वेटोळी असतात, पण तोही मागावरचाच माल. त्यात ताण्याचे दोन संच असतात. एक घट्ट, एक ढिला. ढिल्या संचाचा धागा वर उचलून वेटोळं बनतो, आणि त्याला खाली धरून ठेवतात ते पुन्हा आडवे धागेच.

स्वेटरचं कापड वेगळ्या जातीचं. तिथं ताणा-बाणा नसतोच. एकच धागा सुईवर फासासारखा वळतो आणि पुढचा टाका त्याच फासातून ओढून काढला जातो. टाक्यात टाका अडकत कापड वाढत जातं. म्हणून ते ताणलं जातं आणि सोडलं की परत जागेवर येतं. मोजा पायावर बसतो तो याच गुणामुळे. चादरीचा मोजा शिवला तर तो बसणार नाही.

बुटाच्या वरच्या भागाला, म्हणजे अप्परला, नेमकं हेच हवं असतं. अडचण इतकीच की मोज्यासारखं कापड सगळीकडे सारखं ताणलं जातं, आणि पळणाऱ्या पायाला ते सगळीकडे ताणलेलं चालत नाही. टाचेला पकड हवी, बोटांवर हवा खेळती हवी, कडेला आधार हवा, घोट्याजवळ लवचीकपणा हवा. जुन्या पद्धतीत यासाठी चामडं, जाळी, फोम, कृत्रिम पट्ट्या असे अनेक तुकडे कापून एकमेकांवर शिवत आणि चिकटवत. कापताना उरलेल्या चिंध्या वाया जात.

चपट्या विणकाम मशीननं हे बदललं. या मशीनमध्ये सुयांच्या दोन रांगा उलट्या व्हीच्या आकारात समोरासमोर असतात आणि प्रत्येक सुईला संगणक स्वतंत्र हुकूम देतो. जपानची शिमा सेकी आणि जर्मनीची श्टॉल ही या मशीनमधली जुनी, मोठी नावं. जकार्डला जसा प्रत्येक ताण्यावर ताबा असतो तसा इथं प्रत्येक सुईवर. त्यामुळे एकाच अप्परमध्ये एका जागी घट्ट टाके, दुसऱ्या जागी जाळी, तिसऱ्या जागी दुहेरी थर असं न थांबता विणता येतं. काही जागी उष्णतेनं वितळणारा धागा मिसळतात. नंतर वाफ किंवा उष्णता दिली की तेवढीच जागा कडक होते. नायकीनं फेब्रुवारी 2012 मध्ये फ्लायनिट रेसर आणला तेव्हा 9 नंबरच्या बुटाचं वजन 160 ग्रॅम होतं, आणि त्यातलं अप्पर अवघं 34 ग्रॅम. काही महिन्यांनी, लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर, आदिदासनं आपला विणलेला बूट, प्राइमनिट, आणला.

आता बूट हातात घेऊन बघा. पंजाजवळ दिसणारी जाळीची नक्षी ही नक्षी आहे की हवा खेळवायची सोय? कडेनं जाणाऱ्या वेगळ्या रंगाच्या रेघा शोभेच्या आहेत की पाय धरून ठेवणाऱ्या? बहुतेक वेळा दोन्ही. वाद इथूनच सुरू होतो.

नाव, रूप आणि रीत

नावापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात सोपं. बुटावर नायकीचं चिन्ह किंवा आदिदासच्या तीन पट्ट्या लावून विकला जाणारा "फर्स्ट कॉपी" माल हा ट्रेडमार्कचा भंग. तिथं वीण कशी आहे, आकार कसा आहे हे बघायची गरजही पडत नाही. ट्रेडमार्कचं नूतनीकरण करत राहिलं की तो हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

रीतीचा हक्क म्हणजे आपण ज्याला साधं पेटंट म्हणतो ते. वस्तू कशी बनते, कशी चालते, त्यात नवी युक्ती काय, हे त्यात लिहिलेलं असतं. भारतात 1970 च्या पेटंट कायद्याखाली ते अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं टिकतं, आणि अमेरिकेतही मुदत तशीच. पेटंटचा जीव असतो त्याच्या शेवटी क्रमांक देऊन लिहिलेल्या दाव्यांमध्ये. वर्णन कितीही लांबलचक असलं तरी हक्क फक्त दाव्यांत बसतं तेवढ्यावरच. आणि प्रत्येक दाव्याला दोन प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. हे आधी कुणी केलं होतं का? नसेल, तर त्या धंद्यातल्या जाणकाराला ते सहज सुचलं असतं का?

रूपाच्या हक्काला अमेरिकेत डिझाईन पेटंट म्हणतात. 13 मे 2015 पासून दाखल झालेल्या अर्जांना मंजुरीपासून 15 वर्षं मिळतात, त्याआधीच्यांना 14. आपल्याकडे डिझाईन पेटंट असा प्रकार नाही. त्याऐवजी डिझाईन अधिनियम, 2000 खाली डिझाईनची नोंदणी होते. आधी 10 वर्षं आणि मुदतवाढ घेतली तर आणखी 5. आपल्या कायद्यातली व्याख्या लक्षात ठेवण्याजोगी आहे. आकार, घडण, नक्षी, सजावट, रेषा आणि रंगांची मांडणी, यातलं जे तयार वस्तूवर फक्त डोळ्यांना जाणवतं आणि डोळ्यांनीच पारखलं जातं, ते डिझाईन. बांधणीची पद्धत किंवा यांत्रिक करामत यातून स्पष्टपणे वगळलेली आहे.

म्हणजे कुणी म्हणालं की "नायकीकडे विणलेल्या बुटाचं डिझाईन पेटंट आहे, आता दुसऱ्या कुणाला विणलेला बूट बनवताच येणार नाही", तर ते चूक. डिझाईन पेटंट त्या एका रूपापुरतं असतं. वेगळं रूप देऊन विणलेला बूट बनवायला त्याची आडकाठी नाही. आडकाठी आलीच तर रीतीच्या पेटंटची येईल. नायकी आणि आदिदास यांच्यातली मोठी लढाई झाली ती याच रीतीवर.

शाळकरी पुस्तकानं पाडलेला दावा

नायकीनं विणलेल्या अप्परच्या पेटंटचा अर्ज 2004 मध्ये केला होता, आणि अमेरिकेत ते 2008 मध्ये मंजूर झालं. फ्लायनिट बाजारात यायच्या चार वर्षं आधी. प्राइमनिट आल्याबरोबर, ऑगस्ट 2012 मध्ये, नायकीनं जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या न्यायालयातून त्याच्यावर अंतरिम मनाई मिळवली. आदिदासचं मुख्यालय तिथून जवळच, हर्त्सोगेनआउराख गावात आहे, म्हणजे लढाई थेट घरच्या मैदानात. आदिदासनं विरोध केला. विणलेली वस्त्रं बुटात वापरणं ही काही नवी गोष्ट नाही, असा त्यांचा मुद्दा. काही महिन्यांत ती मनाई उठली.

नोव्हेंबर 2012 मध्ये आदिदासनं अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात नायकीचं ते 2008 चं पेटंट तपासायला लावलं. त्यात 46 दावे होते. नायकीनं ते सगळे स्वतःहून मागे घेतले आणि त्यांच्या जागी चार नवे, जास्त नेमके दावे ठेवायची परवानगी मागितली. कार्यालयाच्या मंडळानं ती नाकारली. पुढे दहा वर्षं हे प्रकरण मंडळ आणि अपील न्यायालय यांच्यामध्ये हेलपाटे घालत राहिलं. शेवटी सगळा जीव एकाच दाव्यात अडकला, क्रमांक 49. त्यात म्हटलं होतं की अप्परमध्ये लेस ओवायची भोकं नंतर पाडायची नाहीत, विणतानाच ठराविक जागी टाके सोडून ती तयार करायची.

हाताने स्वेटर विणणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, बटणासाठी काज कसं करतात. टाके सोडून. 1994 मध्ये मंजूर झालेल्या एका पेटंटमध्ये कापडाच्या पट्ट्यातून अप्परचा आकार काढायची कल्पना आधीच होती. टाके सोडून भोक पाडणं ही या कलेतली प्राथमिक गोष्ट आहे, हे दाखवायला मंडळानं विणकाम तंत्राच्या एका पाठ्यपुस्तकाचा आधार घेतला. मात्र 2020 मध्ये अपील न्यायालयानं प्रकरण परत पाठवलं. पुस्तकाचा हा आधार मंडळानं आपणहून घेतला होता आणि नायकीला त्यावर बोलायची संधी दिली नव्हती, हे न्यायालयाला मान्य नव्हतं. संधी दिली गेली, बाजू ऐकली गेली, आणि 2021 मध्ये निकाल तोच लागला. 2022 मध्ये अपील न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती विणकाम शिकवणाऱ्या पुस्तकाची साक्ष. सुया आणि धागे वापरणाऱ्यांचं रोजचं ज्ञान कुणीतरी नीट लिहून ठेवलं होतं, म्हणून ते एका बलाढ्य कंपनीच्या दाव्यापुढे उभं राहू शकलं. आपल्याकडचं मागावरचं कितीतरी ज्ञान अजून फक्त हातांत आहे. कुणी उद्या त्यातल्याच एखाद्या जुन्या क्लृप्तीवर पेटंट मागितलं तर "हे आधीपासून होतं" असं सांगायला तारखेचा कागद लागतो. ओट्यावरच्या आठवणी तिथं फारशा कामाला येत नाहीत.

पण यावरून नायकी सगळं हरली असं समजू नका. त्याच कुळातली दोन पेटंटं आदिदासनं तपासायला लावली होती आणि ती टिकली. आधी मंडळानं ती राखली आणि 2020 मध्ये अपील न्यायालयानंही. ती रीतीची होती. गोल विणकाम मशीनवर कापडाची नळी विणायची, त्यातून एक भाग काढून घ्यायचा आणि त्याचं अप्पर बनवायचं. विणलेलं अप्पर ही वस्तू नवी ठरली नाही, पण ते बनवायची ही विशिष्ट वाट टिकली. दोन्ही कंपन्यांमधले उरलेले खटले 2022 मध्ये तडजोडीनं मिटले. विणलेल्या बुटांवरून नायकीनं पुढे लुलुलेमन, स्केचर्स, न्यू बॅलन्स यांनाही न्यायालयात खेचलं. लुलुलेमनच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या ज्यूरीनं मार्च 2025 मध्ये एका पेटंटचा भंग झाल्याचं मानून नायकीला 3,55,450 डॉलर दिले. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या मानानं रक्कम लहान, पण हक्क टिकला हे महत्त्वाचं.

या शेवटच्या प्रकरणांत बूट एकमेकांसारखे दिसतात का, हा प्रश्न मध्ये येतच नाही. दोन बूट अजिबात एकसारखे दिसत नसतील तरी रीतीचं पेटंट मोडलं जाऊ शकतं. आणि रीत पूर्ण वेगळी असली तरी रूपाचा हक्क मोडला जाऊ शकतो. चौकातल्या वादात नेमकी याचीच गल्लत होते.

रूप कोण पारखणार?

रूपाचा खटला आला की न्यायालयाला दोन वस्तू शेजारी ठेवून बघाव्या लागतात. बघायचं कुणाच्या डोळ्यांनी? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1871 मध्येच, काट्या-चमच्यांच्या मुठीवरच्या नक्षीच्या खटल्यात, याचं उत्तर देऊन ठेवलंय. साध्या गिऱ्हाइकाच्या. खरेदी करताना माणूस जितकं लक्ष देतो तितकं देऊन पाहिल्यावर एक समजून दुसरी वस्तू घेतली जाईल, इतकं साम्य असेल तर भंग झाला. चांदीकामातल्या तज्ज्ञाला फरक कळतो म्हणून नक्कल सुटत नाही.

म्हणजे आपल्या शौकीन मंडळींची नजर इथं चालत नाही. ती जरुरीपेक्षा तीक्ष्ण असते. रस्त्यापलीकडून चाललेल्या माणसाच्या पायातला बूट कुठल्या वर्षाचा, हे सांगणाऱ्या पोरांना दोन अप्परमधली टाक्यांची दिशासुद्धा वेगळी दिसते. युरोपातली कसोटी त्यांना थोडी जवळची आहे. तिथं जाणता वापरकर्ता धरतात, म्हणजे तज्ज्ञ नव्हे, पण त्या प्रकारच्या वस्तू पाहिलेला, वापरलेला, फरकांकडे लक्ष देणारा माणूस. आपल्या कायद्यात नक्कल जाणूनबुजून केलेली किंवा उघड दिसणारी असावी लागते, आणि ती डोळ्यांनीच ठरवायची असते.

अमेरिकेतल्या डिझाईन पेटंटमध्ये शब्द जवळजवळ नसतातच. चित्रं हाच दावा. पुरी रेघ म्हणजे "हे माझं", तुटक रेघ म्हणजे "हे फक्त संदर्भासाठी, यावर माझा हक्क नाही". अप्परचा कडेचा पट्टा तेवढा पुऱ्या रेघेत आणि बाकी सगळा बूट तुटक रेघेत, असं चित्र दाखल केलं की तो पट्टा वेगळ्या तळव्यावर आणि वेगळ्या टाचेवर लावला तरी नक्कल सापडते. नायकीनं 2016 च्या सुरुवातीला स्केचर्सवर आठ डिझाईन पेटंटांचा खटला भरला तेव्हा काही चित्रं अप्परची होती तर काही तळव्यांची. एकाच बुटाचे असे भाग पाडून हक्क घेता येतात, हे आपल्याकडच्या फार थोड्या कारागिरांना माहीत आहे.

भाग पाडण्याला पैशाचीही बाजू आहे. अमेरिकेत डिझाईनच्या भंगात नक्कल करणाऱ्याचा त्या वस्तूवरचा पूर्ण नफा मागता येतो. पण वस्तू म्हणजे काय? आख्खा बूट की फक्त तळवा? 2016 मध्ये सॅमसंग आणि अॅपलच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वस्तू म्हणजे विकला जाणारा पूर्ण माल असू शकतो किंवा त्याचा एक भागही.

भारतात बुटांच्या रूपावरचा सगळ्यात बोलका खटला क्रॉक्सचा. भोकाभोकांची ती फोमची पादत्राणं आता सगळ्यांनी पाहिलीत. त्यांच्या डिझाईनची नोंदणी आपल्याकडे 2004 मध्ये झाली होती. कंपनीनं देशातल्या अनेक बूट कंपन्यांवर दावे लावले. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं मनाई द्यायला नकार दिला, कारण तसं रूप नोंदणीच्या आधीच इंटरनेटवर प्रसिद्ध झालेलं होतं, असं न्यायालयाला प्रथमदर्शनी दिसलं. डिझाईन नवं असावं लागतं, आणि नवं म्हणजे भारतात किंवा जगात कुठंही आधी उघड न झालेलं. कंपनीनं स्वतःच आधी दाखवलेलं असलं तरी ते उघड झालेलंच धरलं जातं.

नक्षी बाजारात जाण्याआधी

आता आपल्या पूर्व भागात, म्हणजे सोलापूरच्या मागवाल्यांच्या वस्तीत, येऊ. इथं विणलेले बूट बनत नाहीत. आपलं शहर मागाचं, विणकाम मशीनचा मोठा धंदा लुधियाना आणि तिरुपूरकडे. पण रूपाच्या हक्काची जी फट बुटांना भोवते तीच आपल्या चादरीला आणि टॉवेलला जास्त भोवते.

सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. म्हणून अनेकांना वाटतं की नक्षी सुरक्षित आहे. तसं नाही. मानांकन सोलापूर या नावाला आणि त्या नावामागच्या गुणांना संरक्षण देतं. दुसऱ्या गावच्या मालावर सोलापुरी असा शिक्का मारणं त्यानं रोखता येतं. पण तुमच्या चादरीवरचा मोर कुणी जसाच्या तसा उचलला आणि स्वतःच्या नावानं विकला, तर मानांकन त्यात काही करू शकत नाही. तिथं लागते डिझाईनची नोंदणी.

"मी नक्षी काढली म्हणजे तिचा कॉपीराइट माझाच" हा समजही अर्धाच खरा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 मध्ये एक कठोर अट आहे. ज्या डिझाईनची नोंदणी होऊ शकली असती पण केली गेली नाही, ते डिझाईन मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं औद्योगिक पद्धतीनं 50 पेक्षा जास्त वेळा वस्तूंवर उतरवलं की त्याचा कॉपीराइट संपतो. जकार्डवर 50 चादरी निघायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. सोफ्याच्या कापडावरच्या फुलांच्या नक्षीबद्दलचा मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर हा खटला 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे नेमका याच कारणानं पडला. नोंदणी केली नव्हती, कापड मात्र भरपूर विकलं होतं, आणि कॉपीराइटचा आधार मिळाला नाही. कलाकृती म्हणून जपलेलं मूळ चित्र ही वेगळी गोष्ट आणि मागावर उतरलेलं डिझाईन ही वेगळी गोष्ट, असा भेद न्यायालयानं केला.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी अर्ज, मग प्रदर्शन. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. नवीन नक्षीचा पहिला तुकडा मागावरून उतरला की त्याचा फोटो त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जातो, व्यापारी वाहवा करतात, आठवड्याभरात नक्कल निघते आणि मग वकील गाठला जातो. तोवर नवेपण गेलेलं असतं. जत्रा-प्रदर्शनांत मांडणंही उघड करणंच. सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी कायद्यात सवलत आहे, पण तिथंही आधी सूचना द्यावी लागते आणि सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो.

खर्च किती? कोलकात्याच्या पेटंट कार्यालयातला डिझाईन विभाग नोंदणी करतो आणि अर्ज ऑनलाईन होतो. एकट्या कारागिराला किंवा लघुउद्योगाला अर्जाचं सरकारी शुल्क 1,000 रुपये आहे. वस्तूची वेगवेगळ्या बाजूंनी काढलेली चित्रं किंवा फोटो आणि नावीन्य कशात आहे ते सांगणारं एक छोटं निवेदन लागतं. निवेदन काळजीपूर्वक लिहा. नावीन्य नक्षीत असेल तर नक्षीतच म्हणा, उगाच आकारावर हक्क सांगू नका. आयताकृती चादरीच्या आकारात नवं काय असणार?

नक्कल करणाऱ्याकडून ठराविक रक्कम मागितली तर ती एका भंगाला 25,000 रुपयांपर्यंत आणि एका डिझाईनमागे एकूण 50,000 पर्यंतच मिळते. आजच्या दिवसांत ही मर्यादा फारच तोकडी आहे आणि ती वाढायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. तिच्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाईसाठी दावा लावता येतो, आणि नोंदणीचा खरा उपयोग त्या मनाईतच आहे.

एका कलमाचा उल्लेख केल्याशिवाय थांबववत नाही, कारण ते जणू आपल्यासारख्या गावांसाठीच लिहिलंय आणि आपल्याच गावात त्याची चर्चा होत नाही. डिझाईन अधिनियमाचं कलम 16. विश्वासानं एखाद्याला डिझाईन दाखवलं आणि ते वापरणं किंवा फोडणं त्याच्या प्रामाणिकपणाला धरून नसेल, तर ते उघड केलं असं मानलं जात नाही. त्याच कलमात कापडाच्या डिझाईनचा वेगळा उल्लेख आहे. नोंदणी करायचा इरादा असलेल्या नव्या किंवा मूळ कापड डिझाईनच्या मालाची पहिली, गोपनीय ऑर्डर स्वीकारली तर त्यानं डिझाईन उघड झालं असं धरत नाहीत. म्हणजे एखाद्या व्यापाऱ्याला नमुना दाखवून पहिली ऑर्डर घेता येते आणि नोंदणीचा हक्कही शाबूत राहतो. फक्त ती ऑर्डर गोपनीय आहे आणि डिझाईनची नोंदणी होणार आहे, हे कागदावर, तारखेसह, दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या. ही सवलत पहिल्या ऑर्डरपुरतीच आहे. दुसऱ्या व्यापाऱ्याला नमुना दाखवायच्या आत अर्ज कोलकात्याला गेलेला असला पाहिजे.